चप्पल काढ, फोटो काढ

"चप्पल काढ."

सरांनी हे मला सांगितलं. मी त्यांच्याच शाळेत दुसरीला शिकवते. अंगात शाळेने ठरवून दिलेला कुर्ता होता, गळ्यात शिक्षिकेचं ओळखपत्र. शाळा सुटायची वेळ झाली होती. फाटकाबाहेर पालक गाड्या लावून उभे होते. मैदानात झेंड्याच्या खांबाजवळ उंच दांड्यावर दिव्याचं गोल कडं बसवलं होतं आणि त्याच्या मधोमध सरांचा मोबाइल. भर उन्हात तो दिवा पेटलेला होता.

"चप्पल काढ, आणि बॅग छातीशी धर. त्या फोटोत धरलीयस ना, तश्शी. नजर जरा वर. आधी बिफोर घेऊ, मग आफ्टर."

माझ्या हातात लहान मुलाची लाल बॅग दिली होती. नवी. पट्ट्याला किमतीची चिठ्ठी तशीच होती. शेजारच्या खुर्चीवर 'तो फोटो' ठेवलेला होता, प्लास्टिकच्या आवरणात. सहा वर्षांची एक अनवाणी मुलगी, हातात बॅग, मागे कोट घातलेले मोठे सर, म्हणजे आत्ताच्या सरांचे वडील. ती मुलगी म्हणजे मी.

फाटकाजवळच्या बायका बघायला लागल्या. एकीने गाडीची काच खाली केली.

मी उजव्या पायातली चप्पल काढली. जमीन तापलेली होती. एक पाय चपलेत, एक मातीवर, अशी मी उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. तिथपर्यंत कशी पोचले ते मात्र सांगता येईल.

कळंबच्या रस्त्याला डोंगराखाली आमची ठाकर आदिवासींची वाडी आहे. बा एका फार्महाऊसवर माळी. आय रानातलं गोळा करून कर्जतच्या बाजारात विकते. करवंदं, शेवळं, कंटोळी, ज्याचा मोसम असेल ते. रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेचे मालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, ते दरवर्षी वाड्यांवरची एक-दोन मुलं फी न घेता शाळेत घ्यायचे. माझं नाव लागलं तेव्हा आय बाजारातून माझ्यासाठी निळी रबरी चप्पल घेऊन आली. एक नंबर मोठी घेतली होती. चालताना ती मागे फटफट वाजायची आणि मला तो आवाज फार आवडायचा. शाळेच्या पहिल्या दिवशी मी वाडीपासून शाळेपर्यंत मुद्दाम पाय आपटत गेले.

शाळेत एक कॅमेरावाला होता. मुलांना बूट आणि बॅग द्यायचा कार्यक्रम होता. मला पुढे उभं केलं. कॅमेरावाल्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि शिपायाला काहीतरी म्हणाला. शिपाई म्हणाला, "चप्पल काढ."

मी काढली. यात विचित्र वाटायचं काहीच नव्हतं. देवळात आपण काढतो, घरात काढतो. मोठ्या माणसाच्या पडवीत पाय ठेवायच्या आधी काढतो. आयला वाटलं तसंच काहीतरी असेल. मला काढायला सांगितली म्हणून बाजूला उभ्या असलेल्या तिनेही आपली काढून ठेवली. बाने पण काढली.

मग फोटो काढला. मग बूट दिले. माझ्या पायांना ते चावत होते. कार्यक्रम संपल्यावर मी चप्पल शोधायला गेले तर ती नव्हती. शाळेमागे कचरा पेटवला होता आणि जळलेल्या रबराचा वास येत होता. आयने शिपायाला हळू आवाजात विचारलं, पोरीची चप्पल व्हती हितं. तो म्हणाला, "बूट दिले ना? आता अजून काय पायजे?"

आय हसली. घाबरली की ती हसते.

त्या फोटोची मोठी प्रत ऑफिसच्या भिंतीवर लागली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'फ्रॉम डार्कनेस टू लाइट'. पुस्तकाबाहेर मी स्वतःहून वाचलेलं हे पहिलं इंग्रजी. दुसरीत असताना, एकेक अक्षर लावून. वाचता आलं म्हणून मला आनंद झाला होता. अर्थ नंतर कळला. वर्गात 'डार्क' शब्द आला की मुलं मान वळवून माझ्याकडे बघायची. भिवपुरीच्या क्वार्टर्समधून येणारा एक मुलगा होता, त्याने मला नाव पाडलं, फोटो. "ए फोटो, सरक." "ए फोटो, तुझी आई आली बघ करवंदवाली." एक टीचर हजेरी घेताना चुकून तेच म्हणून गेल्या. मग स्वतःच हसल्या. मग सगळा वर्ग हसला.

मी कमी बोलायला तिथे शिकले. बोललं की सगळे ऐकतात आणि मग हसतात. नाही बोललं तर नुसतेच बघतात. त्यांच्या बघण्याची मला सवय झाली होती. दहावीपर्यंत रोज मी त्या भिंतीखालून गेले. पायात बूट, डोक्यावर अनवाणी मी.

मोठे सर गेले आणि मुलगा शाळा बघायला लागला. तो बाहेर शिकून आलेला. जुने लोक त्याला धाकटे सर म्हणतात ते त्याला आवडत नाही. इंस्टाग्रामवर त्याने आपल्या नावाखाली 'स्कूल लीडर' असं लिहिलंय. मी त्यांना सरच म्हणते. आले तेव्हापासून ते एक वाक्य बोलतात, जी शाळा दिसत नाही ती शाळा नाही. मी कॉलेजला असताना त्यांनी भिंतीवरचा माझा फोटो स्कॅन करून शाळेच्या पेजवर टाकला. दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत तो वर यायचा. खाली लोक हात जोडायचे. 'सो क्यूट.' 'गॉड ब्लेस.' 'बिचारी, डोळे बघा किती निरागस.' एका बाईने लिहिलं होतं की या मुलांना आंघोळ वगैरे शाळाच घालते का, कारण तिच्या मुलाला त्वचेचा त्रास आहे. शाळेने तिला उत्तर दिलं होतं. 'डोन्ट वरी मॅम, स्वच्छतेबाबत आम्ही अत्यंत काटेकोर आहोत.' सोबत हसरा चेहरा.

हे मी कॉलेजच्या जिन्यात उभी राहून वाचलं. रडू आलं नाही. ओकारी आली.

तरी मी त्याच शाळेत नोकरीला लागले. डी.एड. झाल्यावर दुसरीकडे जागा नव्हती आणि इथे सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, आपलीच मुलगी. बाकीच्या शिक्षिकांना ते तुम्ही म्हणतात, मला तू. कधीकधी बाळा. मुलाखतीत त्यांनी मला इंग्रजीतून पाच-सहा प्रश्न विचारले आणि खूश होऊन म्हणाले, "कमाल आहे, वाडीतली वाटतच नाहीस." मी थँक यू म्हणाले. बाहेर आल्यावर त्या थँक यूची चव तोंडात बराच वेळ राहिली. कडू.

माझं इंग्रजी बरं म्हणून शाळेचं पेज माझ्याकडे दिलं. सणवार, खेळ, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, हे मी टाकायचे. फोटो कसा असावा हे सरांनी शिकवलं. मुलाचा चेहरा जवळून. नजर वर. खांद्यावर शिक्षकाचा हात. वाडीच्या मुलांच्या वेळी हात नक्की हवा. बूटवाटपाचे फोटो मात्र मी कधी घेतले नाहीत. दरवर्षी त्या दिवशी मी वर्गात काम काढून बसायचे. सर ते स्वतः घ्यायचे. मी का येत नाही हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एकदा स्नेहसंमेलनाच्या फोटोत फ्लॅटांच्या नव्या कॉम्प्लेक्समधल्या एका मुलाचं नाक वाहत असलेलं दिसलं. त्याच्या आईने फोन केला. न विचारता माझ्या मुलाचा असा फोटो टाकलाच कसा म्हणाली. सर फोनवर उभे राहून माफी मागत होते. खुर्चीतून खरंच उठून उभे राहिले होते. फोटो पेजवरून तिथल्या तिथे काढला. मग सगळ्या फी भरणाऱ्या पालकांना विचारून परवानगी घ्यायचं ठरलं. मी विचारलं, वाडीच्या पालकांना पण विचारायचं ना, सर? खूप दिवसांनी मी स्वतःहून काहीतरी बोलले होते.

सरांनी मोबाइलवरून मान वर न करता म्हटलं, "त्यांचं काय? त्यांच्याकडे इंस्टा आहे कुठे?"

जुलैत एक दिवस ओढ्याला पाणी आलं आणि सुट्टी जाहीर झाली. सरांनी ती इंस्टाग्रामवर जाहीर केली. खिडकीत उभे राहून, मागे पाऊस दिसेल असा व्हिडिओ, सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता वगैरे. खाली लोकांनी बदाम टाकले. वाडीतल्या कोणीच तो बघितला नाही. त्यांच्याकडे फोन आहेत, दोन-तीन घरांत मिळून एक, पण त्यात इंस्टाग्राम नाही. मुलं कमरेइतक्या पाण्यातून आली आणि बंद फाटकाशी भिजत उभी राहिली. आमच्या वाडीतला एक बाप्या गुरांमागे त्या बाजूला गेला होता, त्याने त्यांना परत आणलं.

त्यानंतर मी वाड्यांवरचे फोन नंबर मिळवले, व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप केला आणि आवाज भरून निरोप पाठवायला लागले. आमच्या बोलीत. उंद्या शाला नाय. पोरांना धाडू नका. एवढंच. वाडीत वाचता न येणाऱ्या बायका तो निरोप फोन कानाला लावून ऐकायच्या आणि पुढच्या घरात जाऊन सांगायच्या. कोणाचंही पोर पुन्हा ओढ्यात उतरलं नाही. सरांपर्यंत ही गोष्ट पोचली तेव्हा त्यांनी तो निरोप ऐकून घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. शाळेचा आवाज असा नको म्हणाले. ब्रँडला शोभत नाही. ग्रुप बंद कर. मी मान हलवली. ग्रुप बंद केला नाही.

आणि मग बिफोर.

गेल्या वर्षी बूटवाटपाला मुंबईची एक कंपनी आली. त्यांना आधीचा आणि नंतरचा असे दोन-दोन फोटो हवे होते. सरांना ती कल्पना फारच आवडली. तेव्हापासून जून आला की वाड्यांवरच्या मुलांना ओळीने उभं करून सांगायचे, चला, बिफोर काढायचाय, चपला काढा. मग बूट घालून आफ्टर. मुलांच्या पायांत चपला असतात. फाटक्या, भावाच्या, आईच्या, पण असतात. त्या काढून बाजूला ढीग करायचा.

माझ्या वर्गात सोनी आहे, आमच्याच वाडीची. सात वर्षांची, तोंडाने फटकळ. मला शाळेत मॅडम म्हणते आणि वाडीत बाय. जूनमध्ये तिने मला मधल्या सुट्टीत विचारलं, "मॅडम, उंद्या बिफोर यायचं का चप्पल घालून?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, बिफोर म्हणजे?

"बिफोर म्हंजे बिफोर," ती म्हणाली, आणि एक पाय वर करून तळवा दाखवला.

तरी मला वाटलं, एका मुलीचा गैरसमज आहे. मग दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात इंग्रजीचा तो धडा आला. बिफोर, आफ्टर, बिहाइंड. मी मुलांना स्वतःची वाक्यं करायला सांगितली. कॉम्प्लेक्समधल्या मुलांनी केली, आय ब्रश बिफोर ब्रेकफास्ट. सोनी उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली, "माय मदर इज बिफोर."

वर्ग हसला. मी म्हटलं, सोनी, पुढे? बिफोर व्हॉट?

तिला पुढे काही म्हणायचंच नव्हतं. तिचं वाक्य पूर्ण झालं होतं. माझी आई अनवाणी आहे. तिच्या बाजूला बसलेली वाडीतली दुसरी दोन मुलं अजिबात हसत नव्हती, कारण त्यांच्या मते वाक्य बरोबर होतं.

मी फळ्याकडे वळले. दोन जूनमध्ये आम्ही या मुलांना एक इंग्रजी शब्द पक्का शिकवला होता. त्यांच्या भाषेत आता तो असाच राहणार होता. आधी नाही, पूर्वी नाही. अनवाणी.

त्याच सुमाराला सरांना बोलावणं आलं. खालापूरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये शाळाप्रमुखांची बैठक होती आणि विषय होता, शाळाप्रमुखाने सोशल मीडिया प्रभावीपणे कसा वापरावा. सर त्यात बोलणार होते. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, तोच फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आकडे कोणी ऐकत नाही. गोष्ट लागते. तू आमची गोष्ट आहेस. बिफोर तर आहेच. तोच नव्याने शूट करू, तुलाच उभं करून, आणि मग आफ्टर. शाळेचं नाव काढलंस बाळा तू."

मी म्हटलं, विचार करते सर.

एवढंच म्हटलं. माझ्यासारखी माणसं नाही म्हणायच्या ऐवजी हे म्हणतात, आणि सरांसारखी माणसं त्याला हो समजतात. स्टाफरूममध्ये मानसी मॅडम म्हणाल्या, "आता तू व्हायरल होणार गं. आम्हाला ओळख दे म्हणजे झालं." मी हसले. मला माझं ते हसणं ओळखीचं वाटलं. आयचं होतं.

आणि आता मी झेंड्याच्या खांबाजवळ, एका पायात चप्पल घालून.

दुसरी चप्पल काढायला मी वाकले, तेवढ्यात फाटकातून आय आली.

तिला कोणी बोलावलं हे मला माहीत नव्हतं. सरांनी बस ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता. तिने लग्नाकार्यात नेसते ते हिरवं लुगडं नेसलं होतं. डोक्याला तेल लावून आली होती. पायात चप्पल होती, तिची स्वतःची, काळी, अंगठ्याजवळ शिवलेली.

सरांनी तिला बघून टाळी वाजवली. "या मावशी, या. इकडे हिच्या बाजूला. बसा खाली, हां. हिच्याकडे बघा. आणि तुम्ही पण चप्पल काढा."

आय लगेच वाकली. एका हाताने माझा दंड धरून दुसऱ्या हाताने चप्पल काढायला लागली. मी म्हटलं, आय, थांब. ती दचकली, आणि माझा एक पाय चपलेत बघून मलाच समजावायला लागली. "काढ ना गं पोरी. दोन मिनटांचं काम हाय. काय व्हतंय?"

माझ्या वर्गाच्या खिडकीत मुलं लटकली होती. बस यायची होती म्हणून थांबलेली. त्यातून सोनीचा आवाज आला. ओरडली नाही, दुसरीला सांगत होती, पण ऐकू आलं.

"मॅडम पन बिफोर झाली."

माझ्या आत इतकी वर्षं जे वर येत होतं आणि मी गिळत होते, ते त्या क्षणी वर आलं. किळस. त्या दिव्याची, त्या लाल बॅगेची, किमतीच्या चिठ्ठीची, बाळा या शब्दाची. आयच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. ती फोटोसाठी तेल लावून आली होती आणि या माणसाला ती केस विस्कटलेली हवी होती.

मी चप्पल घातली. मग खाली बसून आयच्या पायात तिची चप्पल घातली. बॅग खुर्चीवर ठेवली, त्या फोटोवर.

"काय झालं?" सर म्हणाले. "ऊन जाईल. लवकर."

"मी फोटो काढते, सर," मी म्हटलं, आणि पर्समधून मोबाइल घेतला.

"तू कशाला? मानसी मॅडम काढतील. तू उभी राहा फक्त."

"तसा नाही."

पेज माझ्याच फोनवर उघडलेलं असतं. मी माझा फोटो शोधला. वर सरकवत गेले, प्रत्येक वर्षाच्या ॲडमिशनचा एकेक. पेजवरून काढला. मग बूटवाटपाचे. सोनीचा, तिच्या भावाचा, दोन्ही जूनमधले, सगळे बिफोर, सगळे आफ्टर. तिथेच उभी राहून, एकेक. सर जवळ आले, पडद्यावर बघितलं, आणि मी काय करतेय ते त्यांना कळलं. माझ्या हातातून फोन ओढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला. फाटकातल्या बायका बघत होत्या. हात मागे घेतला.

"फुकट शिकलीस तू इथे," ते हळू आवाजात म्हणाले. "विसरू नकोस."

"फी घेतली नाहीत, सर. फोटो घेतलात. आणि मला चप्पल होती. निळी. तुमच्या शिपायाने ती जाळली."

शाळेत इतकी वर्षं काढली, एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आवाज थरथरत होता. थरथरू दे म्हटलं.

घरी जाताना आय पुढे पुढे चालत होती. मला वाटलं रागावली. नोकरी गेली तर काय, याचा हिशेब करत असेल. ओढ्यापाशी आल्यावर चप्पल हातात घेतली, पाणी पार केलं, पुन्हा पायात घातली. मग म्हणाली, "एक नंबर मोठी घेतली व्हती मी ती. दोन वरसं गेली असती."

म्हणजे तिलाही लक्षात होती. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून ती लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी पेज माझ्याकडून काढून घेतलं. हे सत्र संपलं की पुढे बघू म्हणाले. त्याचा अर्थ मला कळतो. संध्याकाळी माझा फोटो पेजवर परत आला होता. या वेळी खाली नवी ओळ होती, काही जण आपली मुळं विसरतात. लोकांनी हात जोडले होते. एकाने लिहिलं होतं, अशा लोकांना डोक्यावर बसवू नये.

मी अजून वर्गात जाते. सत्र आहे तोवर जाणार. पहिल्याच तासाला मी फळ्यावर बिफोर लिहिलं आणि वाडीच्या मुलांना सांगितलं की याचा अर्थ आधी. सोनी मान्य करायला तयार नव्हती. "मंग सर असं का बोलतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, सर चुकीचं बोलतात. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. दुसरीच्या मुलांना हे कोणी सांगितलेलं नसतं. मग मी त्यांना एक वाक्य दिलं आणि पाठ होईपर्यंत म्हणून घेतलं. सगळ्यांकडून, कॉम्प्लेक्सच्या मुलांकडूनही.

आस्क मी बिफोर.

फोटो काढायच्या आधी मला विचार. चप्पल काढ म्हणायच्या आधी मला विचार. नंतर तेच वाक्य मी आमच्या बोलीत आवाज भरून वाड्यांच्या ग्रुपवर पाठवलं. पोराचा फोटो कोणी काढाया लागला तर पयलं तुमाला इचारलं पायजे. तुमी नाय म्हनलं तर नाय. बायका ते फोन कानाला लावून ऐकतात आणि पुढच्या घरी जाऊन सांगतात. पुढच्या जूनमध्ये बूटवाटप आहे. मी तिथे असणार आहे. शिक्षिका म्हणून असेन की वाडीतली बाई म्हणून, ते सरांनी ठरवावं.

आणि पेजवर, माझ्या फोटोच्या खाली, मी माझ्या नावाने लिहिते. साध्या इंग्रजीत. या शाळेनेच शिकवलेल्या.

'ही मी आहे. मी अनवाणी आले नव्हते. मला चप्पल काढायला लावली. हा फोटो काढा.'

सर ती ओळ काढतात. मी पुन्हा लिहिते. ते मला पेजवरून काढतात. मी दुसऱ्या फोनवरून लिहिते. वाडीत फोन कमी आहेत, पण आता सगळ्यांचे मला मिळतात. फोटो निघेपर्यंत मी लिहिणार आहे.